माझ्या हातची तांबडी

३ मार्च, सोमवार

खुर्ची आली! चाकं आहेत, मान टेकायला वेगळी उशी आहे, आणि खाली चार दांडे. कुठला ओढला की काय होतं ते कळण्यात अख्खी सकाळ गेली. तिसरा ओढला तर मी हनुवटीपर्यंत टेबलाखाली. नेमकी ताई दारात. म्हणाली, होईल हळूहळू सवय. खुर्चीची की टेबलाखालची, ते विचारलं नाही.

तर आजपासून मी व्यवस्थापकीय संचालक. अकरा वर्षं गमबूट घालून बिअर बनवली, आता काळे बूट घालून ती ‘चालवायची’. ताईचं म्हणणं असं, की एका टाकीच्या सहा टाक्या झाल्या, तू दिवसभर उकळत्या पातेल्यात डोकं घालून बसलास तर हॉटेलवाल्यांशी बोलायचं कुणी? मालकी निम्मी तिची, म्हणजे बोलणंही निम्मंच तिचं असायला हवं. पण मोठी बहीण आहे. सगळंच तिचं.

गमबूट धुऊन कपाटात ठेवले. दार लावताना उगाच दोन मिनिटं उभा राहिलो.

४ मार्च, मंगळवार

माझ्या जागी नवी ब्रूअर रुजू झाली. बिअर बनवण्याची पदवी घेऊन आलीय – अशी पदवी असते! लोक खिशाला पेन लावतात, ही थर्मामीटर लावते. गरम पाण्यात घालते, माल्टच्या पोत्यात खुपसते, चहातसुद्धा बुडवला असेल. मी मनात तिचं नाव थर्मामीटर ठेवलंय. खरं नाव पगारपत्रकावर आहे.

येतानाच एक कागद घेऊन आली. ‘प्रमुख ब्रूअरच्या परवानगीशिवाय टाक्यांना व तापमानाच्या पॅनेलला कुणीही हात लावू नये.’ खाली सहीची जागा – व्यवस्थापकीय संचालक. म्हणजे माझ्याच टाक्यांना हात लावायला मला बंदी, आणि बंदीवर सही माझीच! ताई समोर बसलेली. केली सही. पेन तिचं होतं, तेही तिने लगेच परत मागून घेतलं.

७ मार्च, शुक्रवार

चार मीटिंगा झाल्या. काहीही बनलं नाही.

१२ मार्च, बुधवार

हातांचं काय करायचं कळत नाही. पूर्वी दुपारपर्यंत पोती उचलून, पातेली ढवळून, नळ्या घासून हात दुखायचे. आता टेबलावर ठेवतो, मांडीवर ठेवतो, खिशात घालतो. हॉटेलवाला बोलत असताना मी त्याच्याच पेनाचं टोपण काढघाल करत होतो. शेवटी त्याने ते पेन मलाच देऊन टाकलं.

घरी गेलो की बायको पूर्वी दारातूनच म्हणायची, आलं माल्टचं पोतं. आज काही म्हणाली नाही. शर्टाला वासच नाही. मी स्वतः हुंगून बघितला. इस्त्रीचा वास.

वाईट वाटलं. फार वाटलं. लिहून ठेवतो, कारण सांगणार कुणाला? ताईला सांगितलं तर ती अजून एक मीटिंग लावेल.

१९ मार्च, बुधवार

आजची गंमत! ऑफिसच्या काचेतून खाली बघतो तर थर्मामीटर बिअरला आंघोळ घालतेय. टाकीतून ग्लासभर काढली, झाकण लावलं, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली वीस मिनिटं. मग गार पाण्यात. मग नाकाशी धरून डोळे मिटून उभी. पावडर लावायची तेवढी राहिली.

खाली गेलो. (खाली जायला बंदी नाही, हात लावायला आहे.) काय चाललंय विचारलं. म्हणाली, सर, तांबडीची तपासणी. आणि मग जरा चाचरत, “सर, आधीच्या तांबडीत एक वास यायचा, तुम्हाला तो –”

मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, बाई, तो वास म्हणजे माझा हात. तो पदवीत मिळत नाही.

ती पुन्हा ग्लासाकडे वळली. काय तिखट उत्तर दिलं मी! जिना चढताना दोनदा मनात म्हणून पाहिलं.

तांबडी म्हणजे आमची पहिली बिअर. घरच्या स्वयंपाकघरात, बायकोच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात बनवलेली. रंगाने तांबूस म्हणून तांबडी, बाकी काही डोकं लावलं नव्हतं. आता आमच्याकडे काळी आहे, पांढरी आहे, ताईच्या हट्टाने एक लिंबाची आहे. पण लोक येतात ते तांबडीसाठी. ही ब्रूअरी तांबडीवर उभी आहे, म्हणजे माझ्यावर.

२९ मार्च, शनिवार

थर्मामीटरच्या हातची पहिली तांबडी नळाला लागली. प्यायलो. रंग तोच, फेस तोच, कडवटपणा तोच. चवही तीच, खरं सांगायचं तर. पण जीव नाही! काहीतरी नाही. नक्की काय ते सांगता येत नाही, पण नाही.

ताईला तसं म्हणालो. ताई म्हणाली, “तुझा जळफळाट बाजूला ठेवून पी.” पुन्हा प्यायलो. पुन्हा तीच.

६ एप्रिल, रविवार

आमच्या बारमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर आमचा सुतार बसतो. आमचं काउंटर त्यानेच बनवलंय, आणि पहिल्या दिवसापासून त्याच काउंटरवरून तांबडी घेतोय. बोलणारा माणूस नाही. आज अर्धा ग्लास ठेवून उठला. मी धावत गेलो. काय झालं विचारलं. म्हणाला, “चांगली आहे. पण ती नाही.”

अहाहा! कानात साखर पडली. तरी चेहरा गंभीर ठेवून विचारलं, म्हणजे नक्की काय कमी आहे? त्याने हवेत बोटं चोळली. म्हणाला, आधी कसं, तोंडात गुळगुळीत लागायची.

आता सुतार गुळगुळीत म्हणतो म्हणजे त्याला कळतंच ना! त्याचा धंदाच तो.

१२ एप्रिल, शनिवार

आणखी तिघं म्हणाले. दोन हॉटेलांतून फोन आला – गिऱ्हाईक विचारतंय, बिअर बदलली का? मी फोनवर इतक्या दुःखी आवाजात ‘हो का’ म्हणालो की पलीकडचा माणूस माझंच सांत्वन करायला लागला.

ताईने मीटिंग लावली. थर्मामीटरला विचारलं. ती म्हणाली, तांबडी आता पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे. मी म्हटलं, लोक स्वच्छ प्यायला येत नाहीत. स्वच्छ तर पाणीही असतं. ताई हसली नाही. कुणीच हसलं नाही. वाक्य चांगलं होतं.

ताईने मुदत दिली. मेअखेर तांबडी पूर्वीसारखी झाली नाही तर विचार करावा लागेल. कशाचा, ते बोलली नाही. मी बोललो – तिला निरोप, मला गमबूट! ताई म्हणाली, “आणि खुर्चीवर कोण, सुतार?”

२५ एप्रिल, शुक्रवार

माझी जुनी वही काढली आणि थर्मामीटरचे तक्ते मागवले. संचालकाला तक्ते मागता येतात, हा या पदाचा पहिला उपयोग. शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. माल्ट तेच. कडवटपणाचे हॉप्स तेच. यीस्ट तेच – ते मीच वाढवलेलं, बाईंनी सासरी आल्यासारखं आयतं वापरलं.

फरक एकच सापडला. मी पाचव्या दिवशी टाकी थंड करायचो. थंड केली की यीस्ट तळाला बसतं, बिअर नितळते, सातव्या-आठव्या दिवशी ग्लासात. ही बया आठव्या दिवसापर्यंत टाकी उबदारच ठेवते, रोज आंघोळी घालते, मग थंड. अंडी उबवतेय का?

मी पाचवा दिवस का धरला होता? सुरुवातीला टाकी एकच होती आणि बाहेर लोक ग्लास घेऊन उभे. थांबायला वेळ कुणाला! पण बघ, हात आपोआप बरोबर जागी जातो. माझ्या तांबडीचं गुपित पाचव्या दिवसात आहे, हे मला अकरा वर्षांनी कळलं, आणि तेही खुर्चीत बसून.

थर्मामीटरला सांगितलं. म्हटलं, पाचव्या दिवशी थंड करून बघा. म्हणाली, “नाही सर. कच्ची राहते.” मालकाला नाही! तेही सर लावून.

४ मे, रविवार

थर्मामीटरच्या वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन आहे. उद्यापासून शुक्रवारपर्यंत रजा. जाताना टाकी तीनला – म्हणजे गुरुवारी भरलेल्या तांबडीला – पॅनेलवर वेळ लावून गेली. शुक्रवारी सकाळी आपोआप थंड व्हायला लागेल म्हणे. मला चारदा सांगितलं, सर, काही करायला लागणार नाही. मी चारदा मान हलवली.

मंगळवारी पाच दिवस होतात.

६ मे, मंगळवार

सकाळी पावणेसहाला गेलो. कुणी नाही. कपाटातून गमबूट काढले. पाय आत गेल्यावर जे वाटलं ते कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. डोळ्यांत पाणी आलं, सरळ सांगतो. दोन महिन्यांनी लादीवरचं पाणी पायाखाली चपचपलं. टाकी तीनला हात लावला. उबदार होती. म्हटलं, थांब बाई, आलो मी.

पॅनेलवर विसाचे दोन अंश केले. एक बटण. बस्स! गमबूट पुसून परत कपाटात. घरी येऊन अंघोळ केली आणि नऊला काळ्या बुटांत ऑफिसात हजर, फाइलमध्ये तोंड.

आमच्या दोन्ही मदतनिसांना पॅनेल म्हणजे ब्रह्मवाक्य. टाकी थंड होतेय म्हणजे बाईंनीच तसं लावलं असणार. कुणी हूं की चूं केलं नाही.

सही मोडली, हे खरं. पण सही माझी आणि टाकीही माझी.

९ मे, शुक्रवार

टाकी तीन नळाला लावली. बिअर नितळ, आरशासारखी. सुतार आला. एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “आली की परत.”

दुसरा ग्लास मागितला. मग तिसरा! मी काउंटरवर हात ठेवून उभा होतो, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मला ते काउंटर खरोखर सुंदर वाटलं. मीही एक ग्लास घेतला. वा! जीव आहे! चव – तीच आहे, पण जीव आहे.

१० मे, शनिवार

थर्मामीटर परत आली. टाकी तीन थंड आणि अर्धी रिकामी बघून पांढरी पडली. सरळ वर आली.

“सर, तुम्ही पॅनेलला हात लावला का?”

“मी? मी तर सही केलीय.”

तिने आपली वही काढली. बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली. वडिलांच्या काळजीत वार चुकला असेल माझ्याकडून, असं पुटपुटली. शुक्रवारच्या जागी मंगळवार पडला असेल. मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

जरा टोचलं. जरासंच.

मग म्हणाली, उरलेली टाकी ओतून द्यावी लागेल. मी संचालक आहे हे मला तेव्हा आठवलं. म्हटलं, नळ चालू राहील.

१५ मे, गुरुवार

आठवडाभर नुसती वाहवा. दोन्ही हॉटेलांनी जास्तीची मागणी नोंदवली. लोक येऊन पाठ थोपटतात. मी म्हणतो, छे छे, मी काय केलं! असं म्हणताना चेहरा असा ठेवतो की सगळं मीच केलंय हे कळावं.

ताईसुद्धा खूश. मला म्हणाली, बघ, बाईंना जमलं शेवटी. बाईंना! अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगून टाकावंसं वाटलं, पण सही.

थर्मामीटर मात्र ऐकत नाही. या टाकीला लोण्याचा वास येतोय, माझ्या नावावर ही विकू नका, असं ताईला सांगून आली. लोण्याचा वास! ब्रूअरी आहे की दूध डेअरी? आता म्हणे शनिवारी सगळ्यांसमोर तीन ग्लासांची परीक्षा घेऊ. दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळी कुठली ते ओळखायचं. मी म्हटलं, अवश्य! डोळे बांधून ओळखतो. माझ्या हातची तांबडी मी झोपेतही ओळखेन.

१७ मे, शनिवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

ऑफिसच्या टेबलावर तीन ग्लास. एकात किंवा दोनांत टाकी तीन, बाकीत थर्मामीटरची नेहमीची. ताई खुर्चीवर – माझ्या. बायकोचा दवाखाना दुपारी बंद असतो, ती मला न्यायला आली होती, तीही बसली. ती दातांची डॉक्टर. म्हणाली, तोंडाचा मामला आहे, बघू दे.

मी पहिला ग्लास हुंगला, दुसरा, तिसरा. घोट घेतला, तोंडात घोळवला, छताकडे बघितलं. म्हटलं, मधला. थर्मामीटर म्हणाली, नाही सर. पुन्हा मांडले. म्हटलं, डावा. नाही. तिसऱ्यांदा मांडले. या वेळी मी घाई केली नाही. तिन्ही ग्लास अगदी, अगदी सारखे होते. मी म्हटलं, तुम्ही फसवताय, तिन्हींत एकच आहे.

बायकोने हात पुढे केला. प्यायलीसुद्धा नाही. नुसते तीन ग्लास नाकाखालून फिरवले आणि उजवा माझ्यासमोर ठेवला.

“हा तुझा,” म्हणाली. “लोणी.”

“कसलं लोणी?”

“तुझ्या तांबडीला येतं ते. पहिल्या बाटलीपासून येतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू इतका खूश होतास. आणि मला वाटलं, तू मुद्दाम आणतोस.”

थर्मामीटरने समजावून सांगितलं. हळू आवाजात, मान खाली घालून – म्हणजे जणू चूक तिची. यीस्ट काम करताना हा लोण्याचा वास तयार होतो. दोनतीन दिवस जास्त ऊब मिळाली की यीस्ट तो स्वतःच खाऊन टाकतं. पाचव्या दिवशी थंड केली तर वास तसाच राहतो. बिअर गरम करून हुंगली की लपलेला वासही वर येतो, म्हणून ती आंघोळ. आणि काही माणसांच्या नाकाला हा एवढा एकच वास कळत नाही. जन्मापासून. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही सर.

ताई मध्ये काहीतरी विचारत होती, की हा वास दर वेळी मुद्दाम ठेवता येईल का वगैरे. थर्मामीटर म्हणाली, ठेवता येईल, पण बिअर बिघडवायला मी नाही शिकले. माझं लक्ष नव्हतं. मी तिन्ही ग्लास पुन्हा पुन्हा हुंगत होतो.

१८ मे, रविवार

सकाळी फ्रिजमधलं लोणी काढून नाकाला लावलं. नाक गार झालं. बायको दारात उभी राहून बघत होती, मग तिने रुमाल दिला.

म्हणजे अकरा वर्षं मी लोकांना एक बिघाड पाजला. ते चाटूनपुसून प्यायले. आणि मी त्या बिघाडाला माझा हात म्हणत फिरलो. सगळ्या गावाला वास येत होता, मला सोडून!

हसू येतंय का मला? थोडं येतंय. मग लगेच जातंय.

२० मे, मंगळवार

ताईने आम्हा दोघांना समोर बसवलं. तिचा प्रश्न एकच – टाकी तीन शुक्रवारऐवजी मंगळवारी थंड झालीच कशी? थर्मामीटर म्हणाली, वेळ मी लावली होती, चूक माझीच असणार, मला आठवत नाही पण दुसरं कुणी हात लावत नाही. असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं.

ताईनेही बघितलं. “तुला काही सांगायचंय?”

आयुष्यभर माझ्या जिभेला हाड नाही म्हणून सगळे ओरडले. आज जीभ टाळूला चिकटली. डोक्यात एकच – सांगितलं तर काय राहील माझं? नाक नाहीच. हात नव्हताच. आता सहीसुद्धा खोटी? मान हलवली. नाही म्हणून.

ताईने पत्र आधीच टाइप करून आणलं होतं. अशी चूक परवडणार नाही, शनिवार शेवटचा दिवस. सहीची जागा – व्यवस्थापकीय संचालक.

केली.

२४ मे, शनिवार

थर्मामीटर गेली. टाक्या लखलखीत, तक्ते ओळीने लावलेले, नळ्या वाळत टाकलेल्या. मदतनीस दोघंही रडवेले. माझ्याकडे आली तेव्हा मी वडिलांच्या डोळ्यांची चौकशी केली. बरे आहेत म्हणाली. दिसायला लागलंय.

दारातून वळून म्हणाली, “सर, टाकी चारचा पाचवा दिवस उद्या आहे.”

एवढंच. तिला माहीत होतं! कधीपासून, देव जाणे. आणि तिने ताईसमोर तोंड उघडलं नाही. मी उघडेन म्हणून थांबली होती की काय?

२५ मे, रविवार

ताईने सांगितलं, माणूस मिळेपर्यंत खाली तूच बघ. म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. गमबूट, टाक्या, सगळं. पॅनेलसमोर पाऊण तास उभा होतो. थंड केली तर लोणी. नाही केली तर तिची बिअर. आणि दोन्हींतलं काय झालं ते मला कळणार नाही!

शेवटी केली थंड. सुतार खूश होईल.

३० मे, शुक्रवार

सुतार खूश झाला.

१ जून, रविवार

बायकोला सांगितलं. सगळं – पहाटेचे गमबूट, बटण, ती पान बघत बसली तेव्हा मी ‘होतं असं कधीकधी’ म्हणालो ते, मान हलवली तेसुद्धा. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. पंचवीस वर्षं ती जाऊ देच म्हणत आलीय.

तिने भाजी चिरायची थांबवली. म्हणाली, “नाक नाही ते ठीक आहे. तोंड होतं ना?”

मग पुन्हा चिरायला लागली. त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि मी कुठल्या तोंडाने बोलू?

फार शरम वाटली. पहिल्यांदाच त्यात चेष्टा करण्याजोगं काही सापडेना. उद्या ताईकडे जातो. थर्मामीटरला परत बोलावतो, पाया पडायला लागलं तरी चालेल. खुर्ची गेली तर गेली.

२ जून, सोमवार

ताईला सगळं सांगितलं. ती चहा पीतच राहिली. म्हणाली, “मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझा चेहरा पन्नास वर्षं बघतेय मी.”

मग तिला का काढलं?

“ती लोणी येऊ देणार नव्हती. आणि लोकांना तेच हवंय.”

मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. कितव्या दिवशी, किती वाजता, किती अंशांवर – सगळं लिहून दे, म्हणाली. म्हणजे कुणालाही करता येईल. तू नसलास तरी.

लिहून दिलं. चार ओळींत मावलं.